थंडीच्या दिवसांत पोहण्याच्या तलावाचा गिलावा

पोहण्याचा तलाव पाहावयास गेलेल्या माणसाची दृष्टि प्रथम पाण्यावर जाते. पाण्याचा निळसर रंग, त्यावर हालणारें ऊन आणि तळाशीं थरथरणाऱ्या प्रकाशाच्या रेघा, हें सगळें पाण्याचेंच वैभव आहे असें त्यास वाटतें. वस्तुतः त्या शोभेचा बराच मोठा वांटा पाण्याचा नसून पाण्याखालच्या एका पातळ थराचा असतो. हा थर म्हणजे तलावाचा आंतील गिलावा. त्याची जाडी जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर. परंतु पाणी आंत राखण्यास हातभार लावणें, पोहणाऱ्याच्या पायांस गुळगुळीत स्पर्श देणें, शेवाळास थारा न देणें आणि खालच्या काँक्रीटचें रक्षण करणें, इतकीं कामें या एवढ्याशा थराकडे असतात. घराच्या भिंतीचा गिलावा बिघडला तर त्यावर रंगाचा हात फिरवून दोष झांकतां येतो. तलावाच्या गिलाव्याला तशी सोय सहसा नसते. पहिल्या दोन दिवसांत त्यावर जो डाग पडला किंवा जी भेग उमटली, ती त्या गिलाव्याचें आयुष्य संपेपर्यंत घरच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर राहते.

असा गिलावा कोणत्या ऋतूंत करावा, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ ठेकेदाराच्या सोयीचा वाटतो. तथापि ज्या देशांत घराच्या परसांत तलाव असणें ही सामान्य गोष्ट आहे, तेथें तो गृहस्थाच्या खिशाचा आणि कधीं कधीं मनस्तापाचाहि प्रश्न होऊन बसतो. अमेरिकेच्या दक्षिण व नैर्ऋत्य भागांतील टेक्सस, ॲरिझोना, कॅलिफोर्निया या राज्यांत असे तलाव अगणित आहेत, आणि तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या परसांतहि ते आढळतात. उन्हाळ्यांत मुलांना पोहावयाचें असतें. म्हणून जुना गिलावा काढून नवा करण्याचें काम हिवाळ्यांत उरकून घ्यावें, असें अनेकांस वाटतें. परंतु तेथील हिवाळा मोठा फसवा असतो. दुपारीं कोट काढून ठेवावा असें ऊन पडतें, आणि त्याच रात्रीं पारा गोठणबिंदूपर्यंत उतरून पहाटें गवतावर पांढरें दंव दिसतें. अशा दिवसांत काम करावें कीं वसंताची वाट पाहावी? आणि करावयाचें ठरविलें तर कोणती काळजी घ्यावी?

याचें उत्तर देण्यापूर्वीं गिलावा घट्ट होतो म्हणजे नेमकें काय होतें, हें समजून घेतलें पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, ओलें धोतर दोरीवर वाळतें तसाच ओला गिलावा भिंतीवर वाळतो; ऊन व वारा असेल तर लवकर, नसेल तर उशिरा. ही समजूत मुळांतच चुकीची आहे. तलावाच्या नेहमींच्या पांढऱ्या गिलाव्यांत पांढरें पोर्टलंड सिमेंट सुमारें एक भाग, संगमरवराची पूड व बारीक कण दीड ते दोन भाग, आणि पाणी असतें. ज्या सिमेंटच्या नांवाचें पेटंट लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानें १८२४ सालीं घेतलें, त्याच कुळांतील हें सिमेंट. मात्र लोहाचा अंश अगदीं कमी ठेवल्यामुळें तें पांढरें राहतें. या सिमेंटच्या कणांस पाणी मिळालें कीं त्यांचा पाण्याशीं रासायनिक संयोग होऊं लागतो. त्यांतून एक नवा चिकट पदार्थ निर्माण होतो, तो संगमरवराच्या कणांना एकमेकांशीं जखडून टाकतो, आणि त्याबरोबरच कांहीं विरलेला चुना सुटा होतो. या क्रियेंत थोडी उष्णताहि बाहेर पडते. म्हणजे सिमेंट वाळून घट्ट होत नाहीं. तें पाणी आपल्यांत सामावून घेऊन घट्ट होतें. पाण्याखालीं बुडालेलें सिमेंट घट्ट होतें तें यामुळेंच. आणि आपल्याकडील गवंडी नव्या गिलाव्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो, त्याचेंहि कारण हेंच.

आतां थंडीचा संबंध स्पष्ट होतो. कोणतीहि रासायनिक क्रिया उष्णतेंत जलद व थंडींत सावकाश चालते. सिमेंटहि त्यास अपवाद नाहीं. काँक्रीटच्या धंद्यांत एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे. ज्या मिश्रणास २१ अंश सेल्सिअस उष्णतामानांत घट्ट होण्यास ६ तास लागतात, त्यासच १६ अंशांवर सुमारें ८, १० अंशांवर साडेदहा-अकरा आणि ४ अंशांवर १४ तास लागतात. गिलाव्याचे आंकडे मिश्रणाप्रमाणें थोडे निराळे असतील. परंतु चाल हीच. थंडीनें सिमेंट बिघडत नाहीं, तें फक्त मंदावतें. किंबहुना सावकाश घट्ट झालेलें सिमेंट, गोठण्यापासून बचावलें व ओलें राहिलें तर, पुढें चांगलें बळकटच निघतें. बिघाड होतो तो थंडीच्या घड्याळाप्रमाणें न वागतां उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणें काम उरकूं पाहणाऱ्या घाईनें.

याला एक मोठा अपवाद मात्र आहे, आणि तो म्हणजे प्रत्यक्ष गोठणें. पाण्याचें बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. ताज्या गिलाव्यांत अजून संयोग न पावलेलें पुष्कळ पाणी असतें. तें गोठलें तर नुकतेच जुळूं लागलेले कण आंतून ढकलले जाऊन एकमेकांपासून दूर होतात, आणि मागाहून ऊब आली तरी तुटलेला सांधा पूर्ववत् जुळत नाहीं. वरून गिलावा शाबूत दिसतो. पण थापीच्या दांड्यानें ठोकून पाहिल्यास पोकळ आवाज येतो, किंवा कांहीं दिवसांनीं त्याचे पापुद्रे सुटूं लागतात. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट या संस्थेच्या मार्गदर्शनांत असें सांगितलें आहे कीं, काँक्रीटची दाब सोसण्याची शक्ति दर चौरस इंचास ५०० पौंडांपर्यंत पोहोंचेपर्यंत तें गोठूं देऊं नये. तेवढें बळ आल्यावर एखाद्या रात्रीच्या गोठण्यानें त्यास सहसा अपाय होत नाहीं. सुमारें १० अंशांवर राखलेल्या चांगल्या मिश्रणास हें बळ साधारणतः दोन दिवसांत येतें. म्हणजे थंडींतील कामाची खरी कसोटी पहिल्या दोन दिवसांत, त्यांतूनहि पहिल्या दोन रात्रींत आहे.

त्याच संस्थेनें हवेचें उष्णतामान ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारें ४ अंश सेल्सिअसच्या, खालीं उतरलें असेल किंवा उतरण्याचा संभव असेल, तर त्यास थंडीचें काम समजावें असें म्हटलें आहे. यांतील ‘उतरण्याचा संभव असेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काम सुरू करतांना दुपारचा पारा पाहून चालत नाहीं. येणाऱ्या रात्रींचा अंदाज पाहावा लागतो. अमेरिकेच्या मध्यभागांतील सपाट मैदानांवर उत्तरेकडून येणारा गार वारा किती झपाट्यानें हवा पालटतो, याचें एक नमुनेदार उदाहरण ११ नोव्हेंबर १९११ चें आहे. त्या दिवशीं ओक्लाहोमा सिटी या शहरांत पारा ८३ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला होता, आणि मध्यरात्र होण्यापूर्वीं तो १७ अंशांवर उतरला. म्हणजे सेल्सिअस मापानें २८ अंशांवरून उणे ८ अंशांवर. असा दिवस विरळा खरा. पण सकाळच्या उन्हावर विसंबून गिलाव्यास हात घालणाऱ्यानें तो विसरूं नये. नोव्हेंबर १९११ असो कीं शंभराहून अधिक वर्षांनंतरचा काळ असो, वाऱ्याची रीत बदललेली नाहीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें टेक्ससमधील डॅलस परिसरांत पारा उणे १९ अंश सेल्सिअसच्या जवळ गेला, वीज गेली, आणि पंप बंद पडल्यामुळें अनेक घरगुती तलावांचे नळ व यंत्रें फुटलीं.

हवेच्या उष्णतामानाइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व ज्या भिंतीवर गिलावा चढवावयाचा तिच्या उष्णतामानास आहे. तलावाचें मूळ कवच बहुधा फवारलेल्या काँक्रीटचें असतें. सिमेंट व वाळू हवेच्या दाबानें नळींतून फेकण्याच्या यंत्राचा इतिहास मोठा गमतीचा आहे. मेलेल्या प्राण्यांचीं कातडीं भरून ते जिवंतसे उभे करण्यांत निष्णात असलेले कार्ल एकले शिकागोच्या फील्ड म्युझियममध्यें काम करीत असतांना त्यांनीं तें यंत्र बनविलें, आणि १९११ सालीं त्यास पेटंट मिळालें. अशा काँक्रीटचें जाड कवच जमिनींत पुरलेलें असल्यामुळें तें रात्रभर गारठतें, आणि सकाळीं हवा तापली तरी पुष्कळ वेळ गारच राहतें. हवेंत १५ अंश असतांना भिंत ६ अंशांवर असूं शकते. ताज्या गिलाव्याच्या पातळ थरांतील ऊब अशी भिंत हां हां म्हणतां शोषून घेते. भिंतीवर दंव गोठलेलें असेल तर त्यावर गिलावा चढवूंच नये. कारण तें दंव वितळून गिलावा व भिंत यांच्यामध्यें पाण्याचा पडदा निर्माण होतो आणि पकड बसत नाहीं.

शिवाय एकाच तलावांत एकाच वेळीं दोन ऋतु नांदत असतात. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळें तलावाच्या उत्तरेकडील भिंतीवर ऊन पडतें, आणि दक्षिणेकडील भिंत दिवसभर स्वतःच्याच सावलींत राहते. गार हवा जड असल्यामुळें ती तलावाच्या खोल टोकांत सांचते. परिणामीं उन्हांतील भिंत दुपारींच थापी मागूं लागते, उथळ भाग तिच्या मागून येतो, आणि सावलींतील खोल कोपरा संध्याकाळ झाली तरी बोटाखालीं लोण्यासारखा मऊ असतो. कुशल कारागीर अशा वेळीं घड्याळाकडे न पाहतां प्रत्येक भागावर बोट टेकवून पाहतो. जो सर्व भागांवर एकाच वेळीं हात फिरवूं जाईल, त्याच्या हातून एक भाग उशिरां घासल्यामुळें काळवंडेल आणि दुसरा भाग लवकर घासल्यामुळें फोडांनीं भरेल.

थंडीच्या दिवसांतील कोरडा वारा आणखी एक पेंच उभा करतो. तो गिलाव्याच्या पृष्ठावरील पाणी उडवून नेतो. त्यामुळें वरची साय धरल्यासारखी दिसते, पण खालीं गिलावा ओलाच असतो. त्या सायीस फसून थापी जोरानें फिरविली तर खालचें पाणी व हवा कोंडून फुगवटे येतात, आणि पृष्ठ आकसल्यामुळें कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. गारगोट्यांचे किंवा खड्यांचे जे गिलावे असतात, त्यांत वरचें सिमेंट धुऊन खडे उघडे करावयाचे असतात. तेथें ही चूक अधिक महाग पडते. कारण खालची पकड बसण्यापूर्वींच धुतलें तर खडेच निसटून येतात.

आतां घाईच्या उपायांकडे वळूं या. उन्हाळ्यांत जें काम दुपारपर्यंत आटोपतें, तें थंडींत रात्रीं आठ-नऊ वाजेपर्यंत रेंगाळतें. कारागीर थकलेले असतात, बोटें बधिर झालेलीं असतात, दुसऱ्या दिवशीं दुसरें काम ठरलेलें असतें. अशा वेळीं तीन मोह उत्पन्न होतात, आणि तलावाचें पुढील नशीब बहुधा या तीन मोहांवर ठरतें.

पहिला मोह कॅल्शियम क्लोराइडचा. हें मीठ पाण्यांत विरघळवून मिश्रणांत घातलें असतां सिमेंट लवकर घट्ट होतें. उपाय खरा आहे, जुना आहे आणि स्वस्तहि आहे. परंतु त्याची मर्यादा सिमेंटच्या वजनाच्या २ टक्के, ही धंद्यांत सर्वमान्य समजली जाते. त्यापलीकडे गेल्यास, अथवा तें नीट न विरघळवितां खड्यांसह मिश्रणांत टाकल्यास, पांढऱ्या गिलाव्यावर करडे ढग उमटतात, आकुंचन वाढून भेगा पडतात, आणि आंतील लोखंडास गंज चढण्याचें भय वाढतें. रंगीत गिलाव्यांत तर मर्यादेच्या आंतहि तें रंगाचा एकसारखेपणा बिघडवितें. याकरितां रंगीत कामांत क्लोराइड नसलेलीं, उदाहरणार्थ कॅल्शियम नायट्रेट किंवा कॅल्शियम फॉर्मेट यांवर आधारलेलीं, द्रव्यें वापरणें श्रेयस्कर होय. आणखी एक धोका असा कीं, सकाळच्या घाण्यांत एक प्रमाण व संध्याकाळच्या घाण्यांत दुसरें प्रमाण पडलें, तर जेथें एक घाणा संपला व दुसरा सुरू झाला ती सीमारेषा पाण्याखालीं कायमची दिसत राहते.

दुसरा मोह थापीचा. गिलावा अजून ओला आहे, मग वर कोरडें सिमेंट भुरभुरून पाणी शोषून घ्यावें, असें कोणास तरी सुचतें. त्यायोगें पृष्ठभाग त्या घटकेस कोरडा होतो खरा. पण वर सिमेंटचा एक निराळाच, अधिक आकसणारा पापुद्रा तयार होतो आणि तोच पुढें सुटून येतो. उलटपक्षीं, मिश्रण थंडीनें ताठर वाटतें म्हणून त्यांत जादा पाणी ओतणें हेंहि तितकेंच घातक. सिमेंटला संयोगासाठीं लागणाऱ्या पाण्याहून जितकें अधिक पाणी घालावें, तितकीं सूक्ष्म छिद्रें मागें राहतात, आणि गिलावा तितका दुबळा होतो.

तिसरा मोह शेगडीचा. तलावावर ताडपत्रीचा मांडव घालून आंत रॉकेलच्या किंवा गॅसच्या भट्ट्या पेटविल्या कीं ऊब येते. मांडव योग्यच आहे. परंतु जिचा धूर बाहेर नेण्यास नळी नाहीं अशी भट्टी ताज्या गिलाव्याजवळ ठेवूं नये. जळणांतून निघणारा कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डाय-ऑक्साइड, मांडवांत कोंडतो आणि ओल्या गिलाव्यांतील विरलेल्या चुन्याशीं संयोग पावून पृष्ठभागावर खडूसारखा मऊ थर करतो. तो थर पुढें हाताला भुकटीसारखा लागतो. येथें आपल्याकडील जुन्या चुन्याच्या कामाची आठवण होणें साहजिक आहे. बैलाच्या घाणींत मळलेला चुना हवेंतील हाच वायु हळूहळू घेऊन वर्षानुवर्षें दगडासारखा होत जातो. जो वायु चुन्याचा मित्र, तोच कोवळ्या सिमेंटच्या पृष्ठाचा शत्रु ठरतो. कारण सिमेंटला आपलें बळ वायूपासून नव्हे, पाण्यापासून मिळवावयाचें असतें. शिवाय अशा भट्ट्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायुहि निघतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. झांकलेल्या खड्ड्यांत काम करणाऱ्या माणसांच्या तो जिवावर बेततो. गिलाव्याची किंमत कितीहि असो, ती माणसाच्या जिवाची बरोबरी करीत नाहीं.

मग योग्य उपाय कोणते? पहिला व सर्वांत सुलभ उपाय म्हणजे मिसळण्याचें पाणी ऊन करणें. पाण्याची उष्णता साठविण्याची शक्ति सिमेंट व दगडाची पूड यांच्या जवळजवळ पांचपट असल्यामुळें थोडें ऊन पाणी सगळ्या घाण्यास उबदार करतें. मात्र पाणी फार कढत असूं नये, ६० अंशांच्या आंत असावें. आणि तें आधीं संगमरवराच्या पुडींत मिसळून मग सिमेंट घालावें. कढत पाणी थेट सिमेंटवर पडल्यास त्याच्या एकदम गुठळ्या होतात. दुसरा उपाय म्हणजे सिमेंट व पूड यांच्या गोण्या रात्रीं उघड्यावर न ठेवतां झांकून उबदार जागीं ठेवणें. तिसरा, सकाळीं सूर्य वर येऊन भिंत तापूं लागल्यावर कामास आरंभ करणें. पण इतकाहि उशीर न करणें कीं शेवटची थापी मध्यरात्रीं फिरवावी लागेल. चौथा, आदल्या रात्रीं रिकाम्या तलावावर ताडपत्री अंथरून काँक्रीटची ऊब राखणें. आणि भट्टी लागलीच तर धूर बाहेर टाकणारी, केवळ गरम हवा आंत सोडणारी भट्टी वापरणें. यांपैकीं कोणताहि उपाय चमत्कारिक नाहीं. सर्वांचें सूत्र एकच: गिलाव्यास थोडी ऊब द्यावी आणि पुरेसा वेळ द्यावा.

गिलावा घट्ट झाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. त्यास पाणी मारण्याचा विधि येथें तलाव भरण्यानेंच पार पडतो. उन्हाळ्यांत गिलावा त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं पाणी सोडण्यायोग्य होतो. थंडींत त्यास अधिक अवधि द्यावा लागतो. नळीच्या तोंडास स्वच्छ फडकें गुंडाळून ती सर्वांत खोल जागीं ठेवावी, म्हणजे धारेनें कोवळा पृष्ठभाग खरवडला जात नाहीं. एकदां पाणी सुरू केलें कीं तें काठच्या फरशीच्या मध्यापर्यंत येईतों थांबवूं नये. मध्येंच थांबविल्यास त्या पातळीवर कड्यासारखा डाग राहतो. तलाव भरला कीं थंडीचें मोठें भय टळतें. पाण्याचा एवढा मोठा सांठा एका रात्रींत गोठत नाहीं, तो गिलाव्यावर पांघरुणासारखा राहतो. फक्त नळ व पंप यांतून पाणी फिरत ठेवण्याची दक्षता घ्यावी लागते.

परंतु थंड पाण्याचा एक गुण अनेकांस ठाऊक नसतो, आणि त्यापायीं चांगला झालेला गिलावाहि झिजतो. साखर किंवा मीठ ऊन पाण्यांत अधिक विरघळतें; चुन्याच्या कर्बिताचें मात्र उलट आहे. तें थंड पाण्यांत अधिक विरघळतें. न्हाणीघरांतील बंबाच्या आंत पांढरें किटण जमतें तें याच कारणानें: पाणी तापतें आणि त्यांतील चुना बाहेर पडतो. तलावांत हिवाळ्यांत याच्या उलट घडतें. पाणी थंड व मऊ असेल, तर तें चुन्याला भुकेलेलें असतें, आणि ती भूक तें नव्या गिलाव्यांतील चुना खाऊन भागवितें. पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि तळाशीं पांढरी भुकटी सांचते. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील विल्फ्रेड लँजलियर यांनीं १९३६ सालीं पाण्याची ही भूक मोजण्याचा निर्देशांक मांडला. पाण्याची आम्लता, क्षारता, त्यांतील चुन्याचा अंश, विरघळलेलीं इतर द्रव्यें आणि उष्णतामान यांवरून तो काढतात. निर्देशांक शून्याजवळ असेल तर पाणी समतोल, खालीं गेला तर भुकेलेलें, वर गेला तर किटण बसविणारें. इतर सर्व गोष्टी त्याच ठेवून पाणी २९ अंशांवरून १२ अंशांवर आलें, तर निर्देशांक सुमारें ०·४ नें खालीं जातो. म्हणजे जुलै महिन्यांत समतोल असलेलें पाणी जानेवारींत गिलाव्यास खाऊं लागतें. म्हणून थंडींत भरलेल्या तलावाचें पाणी पहिल्या दिवसापासून तपासून त्यांत चुना व क्षारता यांची भर घालावी, सुटलेली भुकटी मऊ ब्रशानें दिवसांतून दोन वेळां झाडावी, आणि पाणी तापविण्याचें यंत्र भुकटी येणें पूर्ण थांबेपर्यंत सुरू करूं नये.

येथवर वाचून कोणी म्हणेल, इतकी यातायात करण्यापेक्षां वसंतापर्यंत थांबलेलें काय वाईट? पुष्कळ वेळां तेंच शहाणपणाचें असतें, विशेषतः रात्रीं पारा वारंवार गोठणबिंदूखालीं जात असेल तेथें. तथापि थांबण्यालाहि एक अट आहे. तलाव रिकामा ठेवून थांबूं नये. पावसानें किंवा वितळलेल्या बर्फानें जमिनींतील पाण्याची पातळी वर आली, तर रिकामा तलाव नावेसारखा वर उचलला जातो, आणि मग प्रश्न एका सेंटिमीटरच्या गिलाव्याचा न राहतां संबंध कवचाचा होतो. म्हणून काम लांबणीवर टाकावयाचें असेल तर जुना तलाव पाण्यानें भरलेला असूं द्यावा, आणि काम हातीं घेण्याच्या वेळींच तो उपसावा.

आपल्याकडे हा प्रश्न इतक्या तीव्रतेनें येत नाहीं. मुंबईच्या हिवाळ्यांत सिमेंटला थंडी वाजत नाहीं. पण नाशिक जिल्ह्यांत निफाडकडे थंडीच्या लाटेंत पारा ५ अंशांच्याहि खालीं उतरतो, आणि महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं दंव गोठलेलें दिसतें. अशा ठिकाणीं बंगल्याच्या आवारांत तलाव बांधणाऱ्यानें डिसेंबर-जानेवारींतील रात्र हिशेबांत धरली, तर त्याचें कांहींच जाणार नाहीं.

गृहस्थास स्वतः थापी हातीं धरावयाची नसते. पण चार प्रश्न त्यानें अवश्य विचारावे. भिंतीचें उष्णतामान कोणी पाहिलें आहे काय? पुढच्या दोन रात्रींचा हवेचा अंदाज काय आहे? मिश्रणांत लवकर घट्ट करणारें कोणतें द्रव्य, किती प्रमाणांत व सर्व घाण्यांत सारखेंच पडणार आहे काय? आणि काम रात्रीपर्यंत लांबलें तर दिवे लावून शेवटपर्यंत थांबणारीं माणसें आहेत काय? या चारहि प्रश्नांस सरळ उत्तरें मिळालीं, तर थंडींतहि काम निर्धास्तपणें होऊं द्यावें. एकाचेंहि उत्तर टाळाटाळीचें आलें, तर आठ दिवस थांबावें. एवढा अवकाश उन्हाळ्यांत पोहण्याची वाट पाहणाऱ्या मुलांना फारसा जाणवणार नाहीं. घाईनें पडलेला करडा डाग मात्र दर वर्षीं पाणी निवळलें कीं पुन्हां दिसेल.